धुराचा भाव

आम्ही मुरगूडची माणसं ऊस ओळखतो आणि उसाचा भावही. वेदगंगेकाठचा ऊस हमीदवाड्याला, बिद्रीला जातो. रस काढल्यावर उरलेला चोथा बॉयलरमध्ये जळतो, त्यावर वीज होते, ती विकली जाते. इथवर समजायला काही कठीण नाही. पण १९९७ च्या क्योटो करारानंतर आणखी एक माल बाजारात आला : न निघालेला धूर. चोथ्याच्या विजेमुळे तेवढा कोळसा वाचला म्हणून टनाला एक प्रमाणपत्र मिळायचं. ते परदेशातल्या कारखान्याने विकत घ्यायचं आणि आपला तेवढा धूर खुशाल सोडायचा.

या व्यवहाराला सरसकट नावं ठेवणं आम्हाला पटत नाही. फुकटची वस्तू माणूस उधळतोच. अमेरिकेत १९९५ पासून गंधकाच्या धुरावर मर्यादा घालून परवाने विक्रीला काढले, तेव्हा तो धूर खरोखर घटला. मात्र तिथे चिमणीतून निघालेलं मोजायचं होतं. इथे जे निघालंच नाही ते मोजायचं! चोथा तर कारखाने पूर्वीपासून जाळत होते. जास्त दाबाचे बॉयलर बसले ते प्रमाणपत्राच्या पैशामुळे, की विजेला गिऱ्हाईक होतं म्हणून? हे तपासणाऱ्याची फी प्रकल्पवालाच भरत असे. पुढे २००८ साली वीस युरोंच्या वर गेलेलं प्रमाणपत्र २०१२ च्या अखेरीस एका युरोच्याही खाली आलं. धुराने होणारं नुकसान काही त्या चार वर्षांत स्वस्त झालं नव्हतं.

पण आमचं खरं दुखणं भावाचं नाही. ज्याचा हक्क मारला, माफी त्याच्याकडेच मागायची, असं आमच्या घरातली वडीलधारी सांगत. जुलै २०२१ मध्ये वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आलं. प्रत्येक पुराचं खापर दूरच्या चिमणीवर फोडता येत नाही, नदीकाठी भराव आपल्याच लोकांनी टाकलेत. तरी हवा तापली की पाऊस थोड्या वेळात जास्त कोसळतो, हे आता शास्त्र सांगतं. अशा पावसात ज्या शेतमजुराच्या घराची भिंत खचते, तो या सौद्यात कुठेच नाही. पैसे देणारा एक, घेणारा दुसरा, सोसणारा तिसरा.

जून २०२३ मध्ये भारतानेही आपल्या कार्बन बाजाराची योजना जाहीर केली. उद्या त्यातले चार पैसे इथल्या कारखान्यांना मिळाले, तर त्यांचं काय करायचं हे वार्षिक सभेत ठरेल. तो शेतमजूर मात्र कारखान्याचा सभासद नाही.