परत मिळालेलें आयुष्य

मरणाची तयारी झालेल्या मनुष्यास आयुष्य परत मिळालें, तर ती तयारी फुकट गेली म्हणावयाची काय? २०१५ च्या ऑगस्टमध्यें अमेरिकेचे नव्वदीचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनीं मेलानोमा हा कर्करोग मेंदूपर्यंत पोंचल्याचें शांतपणें सांगितलें. किरणोपचार झाले, पेम्ब्रोलिझुमॅबनें शरीरांतील रक्षकपेशींचा लगाम सोडविला, डिसेंबरांत रोग दिसेनासा झाला, आणि ते शंभरी गांठून २०२४ सालीं वारले. परंतु हीच मोकळी सुटलेली शक्ति कधीं निरोगी अवयवांवरहि उलटते, आणि कित्येकांस तर गुण येतच नाहीं. तपासणीच्या आदल्या रात्रीं रुग्णास आशा व निरोप दोन्ही उशाशीं घेऊन निजावें लागतें. ती तयारी मरणापेक्षां या मधल्या दिवसांच्याच कामीं येते, असें मला वाटतें. रोग जाहीर केल्यानंतरच्या पहिल्याच रविवारीं कार्टर आपल्या प्लेन्स गांवीं नेहमींचा धर्मपाठ द्यावयास हजर होते.