नियम नाही म्हणून अक्कलही नाही?

काय रे, फँटसी फुटबॉलचा नवा ड्राफ्ट तोंडावर आला आणि तू पुन्हा आर्सेनलचीच यादी करत बसलायस असं कानावर आलंय. खरं का? मान खाली घालू नकोस, उत्तर दे.

2024-25 च्या हंगामात तुझ्या पंधरा जणांत कोण होते, म्हणून दाखवू? राया, सलीबा, गॅब्रिएल, ओडेगार्ड, साका, मार्टिनेली, ट्रोसार्ड, हावेर्त्झ. आठ! प्रीमियर लीगमध्ये क्लब वीस, आणि तुझे निम्म्याहून जास्त गडी एकाच क्लबचे. नेहमीच्या फँटसीत एका क्लबचे तीनच घेता येतात, ड्राफ्टमध्ये तशी मर्यादा नाही, हे तू मला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतंस. मर्यादा नाही म्हणजे काय, अक्कल घरी ठेवून यायची मुभा आहे? तिथे निदान नियम तुझा हात धरत होता. इथे तुझा तू होतास. आणि तुझं तुला सांभाळता आलं नाही.

तू विमा कंपनीत काम करतोस ना? दिवसभर जोखीम मोजण्याचा पगार घेतोस. एकाच गल्लीतल्या लागून असलेल्या आठ घरांचा आगीचा विमा तू एकट्याने अंगावर घेशील का? नाही घेणार. साहेबाला पानभर टिपण लिहून कळवशील की हे धोक्याचं आहे. मग शनिवारी संध्याकाळी तुझ्यातला तो शहाणा माणूस जातो कुठे? एखादा ढ असता तर मी चार शब्द वाया घालवले नसते. तुला कळतं. कळतं आणि तरी करतोस, म्हणून संताप येतो.

बचावफळीचंच बघू. क्लीन शीटचे, म्हणजे एकही गोल न खाल्ल्याचे, चार गुण गोलकीपरला, चार प्रत्येक बचावपटूला. राया, सलीबा, गॅब्रिएल असे तिघे घेतलेस आणि वाटलं, प्रत्येक सामन्याला बारा गुण खिशात. आर्सेनलने त्या हंगामात लीगमध्ये सर्वांत कमी, म्हणजे 34 गोल खाल्ले, कबूल. पण क्लीन शीट किती? 38 सामन्यांत 13. उरलेल्या 25 सामन्यांत तिघांच्याही क्लीन शीटवर एकदमच पाणी पडलं. 4 जानेवारी 2025 आठवतो? ब्रायटनच्या मैदानावर आर्सेनल एका गोलने पुढे. सलीबा आणि जुआव पेड्रो यांची डोकी आपटली, पंचाने पेनल्टी दिली, सामना 1-1. डोकं आपटलं एकाचं आणि गुण गेले तिघांचे. तू रात्री पंचाला शिव्या घालत होतास. पंचाने तुला सांगितलं होतं का, एकाच भिंतीतले तीन चिरे उचल म्हणून?

आणि हा सलीबा तुला मिळाला कसा, ते सांगू सगळ्यांना? ड्राफ्टच्या रात्री तो दुसऱ्यानेच उचलला होता. त्याला आर्सेनलचं प्रेम नव्हतं, तुझी दुखरी नस माहीत होती. एक खेळाडू एकाच संघात असतो, म्हणजे तुला हवा तर तू त्याच्या दारात जाणार. गेलासच. सप्टेंबरात दोनाला दोन अशा अदलाबदलीत नॉटिंगहॅम फॉरेस्टचा ख्रिस वूड देऊन सलीबा घेऊन आलास आणि वर पेढे वाटल्यासारखा चेहरा करून सांगत सुटलास. वूडने हंगामात 20 गोल केले. सलीबाला 19 ऑक्टोबरला बोर्नमथमध्ये लाल कार्ड मिळालं, वजा तीन गुण आणि पुढच्या सामन्याला घरी. याला व्यवहार म्हणतात? याला गळ्यात पाटी अडकवून बाजारात उभं राहणं म्हणतात: मला लुटा.

'सर, दुखापती काय माझ्या हातात आहेत?' हे तुझं लाडकं रडगाणं. नाहीत. मान्य. सप्टेंबरात ओडेगार्डचा घोटा नॉर्वेकडून खेळताना दुखावला, 21 डिसेंबरला क्रिस्टल पॅलेसविरुद्ध साकाच्या मांडीचा स्नायू गेला, फेब्रुवारीत न्यूकॅसलला मार्टिनेली जायबंदी झाला आणि लगेच दुबईच्या सरावात हावेर्त्झ. यातलं काहीच तुझ्या हातात नव्हतं. पण हे सगळे एकाच ड्रेसिंग रूममधले होते, ते कुणाच्या हातात होतं? शिवाय जखमी झाले त्यांचंच नुकसान होतं असं तुला वाटतं का? ओडेगार्ड पास देणार कुणाला? पुढे गोल मारणारेच नाहीत, तर त्याच्या असिस्टचे तीन गुण येणार कुठून? 22 फेब्रुवारीला आर्सेनल घरच्या मैदानावर वेस्ट हॅमकडून 0-1 हरलं. चार दिवसांनी फॉरेस्टशी 0-0. लागोपाठ दोन सामने, गोल एकही नाही. फॉरेस्टविरुद्ध बचावफळीला क्लीन शीट मिळाली, हे बोट वर करून सांगू नकोस. ऐकलंय मी.

आता ज्या गोष्टीसाठी खरं तर तुझे कान उपटायला हवेत, ती ऐक. 'मी आर्सेनलचा प्रत्येक सामना बघतो, मला त्यांची नस न् नस माहीत आहे,' असं तूच म्हणतोस ना? 15 फेब्रुवारीला लेस्टरमध्ये स्ट्रायकर म्हणून मैदानात उतरवलं कुणाला? मिकेल मेरिनोला. मिडफिल्डर. बदली म्हणून आला आणि दोन गोल ठोकून गेला. फँटसीत त्याची नोंद मिडफिल्डरची, म्हणजे गोलाला चारऐवजी पाच गुण. खेळतोय पुढे, गुण मधल्याचे. याहून सरळ संधी वर्षातून किती वेळा येते? आपल्या लीगमध्ये तो मोकळा पडला होता. मोकळे खेळाडू मागायच्या यादीत, वेव्हरमध्ये, नाव टाकलं कुणी? मी! माझं आर्सेनलशी काडीचं देणंघेणं नाही. पुढे चेल्सीविरुद्धचा एकमेव गोल त्याचाच, फुलहॅमविरुद्ध आणखी एक. आणि तू? हावेर्त्झला बेंचवर कुरवाळत बसला होतास. म्हणजे आर्सेनलसुद्धा तू नीट बघत नाहीस. बघत असतास तर निदान तेवढं तरी दिसलं असतं. तुला खेळाडू नको असतात, तुला लाल जर्सीतली ओळखीची नावं हवी असतात.

'शुक्रवारी दुपारी ऑफिस असतं, वेव्हर राहून गेलं.' लाज नाही वाटत? वेव्हरचा निकाल डेडलाइनच्या 24 तास आधी लागतो, हे खरं. पण नाव टाकायला त्याच क्षणी हजर राहावं लागतं का? सोमवारी टाक, मंगळवारी टाक, लोकलमध्ये उभ्याने टाक. रात्री एक वाजेपर्यंत कोण कुठल्या क्लबात जाणार याच्या बातम्या चघळायला वेळ असतो. इथे दोन मिनिटं नसतात. वेड पांघरून पेडगावला जातोयस तू, बाकी काही नाही.

एकनिष्ठा वगैरे मोठे शब्द माझ्यासमोर काढू नकोस. निष्ठा असेल तर जर्सी घाल, गळा काढून ओरड, हरल्यावर जेवू नकोस. ड्राफ्टमध्ये निष्ठेचं काय काम? खरं कारण मी सांगतो. एका क्लबचे आठ घेतले की एकोणीस क्लबांचा अभ्यास वाचतो. ब्रेंटफर्डमध्ये पेनल्टी कोण मारतो, फॉरेस्टचा गोलकीपर कोण, हे बघायला नको. आळसाला निष्ठेचं उपरणं घातलंस, एवढंच. तिसऱ्या फेरीत ब्रेंटफर्डचा ब्रायन एम्बेमो समोर होता, तू गॅब्रिएल घेतलास. एम्बेमोने 20 गोल केले आणि तो मिडफिल्डर. नुसत्या गोलांचे 100 गुण झाले, गणित तुझं तू कर. राया तू चौथ्या फेरीत उचललास. फॉरेस्टचा मात्स सेल्स कुणीतरी शेवटी, यादी भरायची म्हणून घेतला. दोघांच्या क्लीन शीट सारख्याच, तेरा-तेरा, गोल्डन ग्लोव्ह दोघांत विभागून. चौथ्या फेरीतली ती जागा तू कुणाच्या नावाने सोडलीस?

आणि मार्टिनेली, ट्रोसार्ड दोघेही? डावी बाजू एक, तिथून खेळणार एका वेळी एक. पंधरातल्या दोन जागा एका खुर्चीसाठी अडवल्यास. एक डावीकडे खेळला की दुसरा बरेचदा बाकावर, आणि दर आठवड्याला तू चुकीचाच निवडायचास. यावर बोलायला माझ्याकडे शब्द नाहीत, पुढे जाऊ.

एका क्लबचे दोघे घेणं पाप आहे असं मी म्हणत नाही. 2022-23 मध्ये मँचेस्टर सिटीच्या हालांडने 36 गोल केले आणि डी ब्रुयनेने 16 असिस्ट दिले. दोघे ज्याच्याकडे होते त्याला एकाच गोलाचे कधी कधी चार अधिक तीन मिळाले. गोल करणारा आणि पास देणारा, असा जोड जमला तर घे. आठवड्याला समोरासमोर लढत असेल, समोरचा तुझ्याहून तगडा असेल, तर एका क्लबवर डाव लावणं एखाद वेळी शहाणपणाचंही असतं: लागला तर लागला. पण ते ठरवून करायचं असतं, हात सवयीने त्याच नावांवर जातो म्हणून नव्हे. तू आठ जण घेतलेस तेव्हा यातलं काही ठरवलं होतंस का? खरं सांग.

आता तू पळवाट काढशील, तीही मला दिसतेय. 'मग यंदा चॅम्पियन क्लबचे घेतो.' म्हणजे रोग तोच, रंग वेगळा. 2024-25 मध्ये लिव्हरपूल विजेतं झालं, सलाहने 29 गोल आणि 18 असिस्टसह फँटसीत 344 गुण मिळवले, इतके तोवर कुणालाच मिळाले नव्हते. तरी 16 मार्चला लीग कपची फायनल आली, लिव्हरपूल आणि न्यूकॅसल तिकडे गेले, आणि त्या आठवड्यात या दोघांचे आणि त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांचे लीगचे सामनेच झाले नाहीत. सलाहचा शून्य. एक सलाह असेल तर बाकीचे चौदा निभावून नेतात. आठ जण असते तर अकरा तरी भरले असते का तुझे? ड्राफ्टमध्ये सगळा संघ एका आठवड्यापुरता बदलायची चिप नसते, हे माहीत आहे ना? माहीत आहेच. तुला सगळं माहीत असतं.

'आता आर्सेनलमध्ये आमचा ग्योकेरेस आहे, सर.' आमचा म्हणे! घे की ग्योकेरेस. चांगला वाटला तर जरूर घे. साकाही घे, पहिल्या फेरीत तो तेव्हाही बरोबर होता, त्याबद्दल मी तुला एक शब्द बोललेलो नाही. त्यानंतर सातवं, आठवं नाव लिहिताना पेन थांबत का नाही, एवढंच विचारतोय.

'गंमत म्हणून खेळतो' हे तर बोलूच नकोस. गंमत म्हणून खेळणारा माणूस सोमवारी सकाळी बायकोशी तुटक बोलत नाही. तुझ्या बायकोनेच सांगितलंय मला.

रविवारी संध्याकाळी ये. वही घेऊन ये, मोबाइलमधली यादी नको. पहिले तीस खेळाडू लिहून आण, आर्सेनलचा एकही नको, आणि प्रत्येकासमोर दोन गोष्टी: पेनल्टी तो मारतो का, आणि त्याच्या जागेवर दुसरा कोण आहे. तीस झाले की मग साका कुठे बसतो ते आपण ठरवू. एकोणतीस आणलेस तर दारातून परत पाठवीन. आणि यंदाचा मेरिनो कोण, ते मला विचारू नकोस. सांगणार नाही. मीही त्याच लीगमध्ये खेळतो.