गमलियेलाचा न्याय आणि आपली जीभ

शास्त्रपाठ : प्रेषितांचीं कृत्यें ५:२७-४२, याकोब ३:१-१२.



यरुशलेमेच्या न्यायसभेपुढें प्रेषित उभे होते. बोलण्याची मनाई झाली असतांही ते बोलले होते, आणि सभा इतकी संतापली कीं, त्यांस जिवें मारण्याचा विचार चालला. तेव्हां त्यांच्या बाजूनें कोण उठला? कोणी शिष्य नव्हे, तर गमलियेल नांवाचा एक परूशी. प्रेषितांचें मत त्याला पटलें होतें असें शास्त्र सांगत नाहीं. तरी ह्यांच्या कामाचा निकाल देवावर सोपवावा, असा सल्ला त्यानें दिला. आपल्याला न पटणाऱ्या मनुष्यालाही बोलूं द्यावें, हा गमलियेलाचा न्याय होय.

हा न्याय आपल्या देशास सहज मिळाला नाहीं. १९०८ सालीं 'केसरी'तील लेखांबद्दल लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन त्यांस मंडालेस नेण्यांत आलें. ता. २६ जानेवारी १९५० रोजीं राज्यघटना अमलांत आली, व तिच्या १९ व्या कलमानें प्रत्येक नागरिकास भाषणस्वातंत्र्य मिळालें. त्याच वर्षीं मद्रास सरकारनें मुंबईच्या 'क्रॉस रोड्स' ह्या साप्ताहिकास आपल्या हद्दींत बंदी केली. सर्वोच्च न्यायालयानें ती रद्द ठरविली.

परंतु ह्या शेताला कुंपणही आहे. अब्रुनुकसानी, न्यायालयाचा अवमान, सभ्यता व नीति हीं मर्यादेचीं कारणें घटनेंत प्रारंभापासूनच होतीं. १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीनें सार्वजनिक सुव्यवस्था, परराष्ट्रांशीं मैत्री व गुन्ह्यास चिथावणी हीं त्यांत आलीं. मात्र बंधन वाजवी असलें पाहिजे, ही अटही तिनेंच घातली. म्हणून अधिकाऱ्याचा नुसता राग हें कोणाचें तोंड बंद करण्यास कायदेशीर कारण होत नाहीं.

१९८५ सालीं केरळांत तीन भावंडांना शाळेंतून काढण्यांत आलें. राष्ट्रगीताच्या वेळीं तीं आदरानें उभीं राहत, पण गात नसत. तीं यहोवाचे साक्षीदार ह्या पंथाचीं होतीं, आणि त्या पंथाचें शिक्षण आपण मानीत नाहीं. १९८६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांस शाळेंत परत घेण्यास सांगितलें. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी ह्यांनीं त्यांची श्रद्धा बरोबर कीं चूक हें तोलत न बसतां, ती मनापासूनची आहे कीं नाहीं एवढेंच पाहिलें. ज्यांना बोलण्याचा हक्क आहे त्यांना मौनाचाही आहे, असें त्या निकालानें ठरलें. बंधूंनो, आपण त्या मुलांचे गमलियेल झालों असतों काय?

माझें उत्तर लाजिरवाणें आहे. काहीं वर्षांपूर्वीं मंडळीच्या सभेंत एका वृद्ध विधवेनें दानाच्या पैशाचा हिशेब विचारला. "आजी, हें पंचांचें काम, तुम्ही खालीं बसा," असें मीं म्हटलें. ती बसली. पुढच्या रविवारीं तिची जागा रिकामी होती. मग मीं वही काढून पाहिली, तों बेरजेंत चूक निघाली. तिच्या दारीं जाऊन मीं क्षमा मागितली. ती एवढेंच म्हणाली, "पाळकसाहेब, हें सभेंत सांगा." मीं सांगितलें. सरकारनें आपलें तोंड बांधूं नये असें म्हणणारे आपण, आपल्याच घरांत व मंडळींत किती तोंडें बांधतों!

उपदेशक बंधूंनो, आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवा. इफिस येथें दंगा झाला, तेव्हां नगरच्या लेखकानें सर्वांसमक्ष सांगितलें कीं, पौलाच्या सोबत्यांनीं आपल्या देवीची निंदा केलेली नाहीं. आपल्या गांवचा पाटील आपणांविषयीं अशी साक्ष देईल काय? ख्रिस्ताची साक्ष निर्भयपणें द्या. परंतु शेजाऱ्याच्या देवाला शिवी देऊन ती साक्ष होत नाहीं. कायद्याचें कुंपण जेथें आहे, त्याच्याही आंत प्रीति आपलें कुंपण घालते. कायदा विचारतो, हें बोलण्याची मुभा आहे काय? प्रीति विचारते, हें खरें आहे काय, आणि ह्यानें माझा भाऊ उभा राहील कीं पडेल?

हे प्रभू, बोलावयाचें तेथें आम्हांस धैर्य दे, ऐकावयाचें तेथें धीर दे, आणि आमच्या जिभेची ठिणगी कोणाच्या घरावर पडूं देऊं नको. आमेन.