डोंगराचा हिशेब

बुरूज बांधू पाहणारा मनुष्य आधी खाली बसून खर्चाचा अंदाज घेतो, असा दाखला प्रभू येशूने दिला आहे (लूक १४:२८). शिष्यत्वाची किंमत सांगणारा हा दाखला आम्ही येथे काहीसा सैलपणे वापरीत आहोत. परंतु एखादा खनिजसाठा खणण्याजोगा आहे की नाही, हे ठरविणारे तज्ज्ञही नेमके हेच करतात. खनिज किती, त्याची प्रत कोणती, उकरण्यास आणि बंदरापर्यंत नेण्यास खर्च किती, भाव काय मिळेल, हे सारे ते आधी मांडतात. ह्या सावधपणाबद्दल तक्रार नाही. प्रश्न आहे तो त्या वहीत खर्चाच्या बाजूला कोणकोणाची नावे लिहिली जातात, हा.

साठा ही निसर्गाने कायमची ठरवून दिलेली वस्तू आहे, असा आपला समज असतो. तो खरा नाही. गोव्याच्या खाणपट्ट्यात हलक्या प्रतीचे लोहखनिज कित्येक वर्षे टाकाऊ म्हणून ढिगांवर पडत होते. २००० सालानंतर चीनच्या पोलाद कारखान्यांची मागणी वाढली, भाव चढले आणि तेच ढीग जहाजांत भरून गेले. दगड तोच होता. बाजार बदलला होता. म्हणजे ‘व्यवहार्य’ हा शब्द डोंगराविषयी जितके सांगतो, त्याहून अधिक तो हिशेब मांडणाऱ्याविषयी सांगतो. संयुक्त राष्ट्रसंघाने खनिजसाठ्यांच्या वर्गवारीसाठी जी चौकट आखली आहे, तिच्या २०१९ सालच्या आवृत्तीत आर्थिक आणि सामाजिक निकषांच्या जोडीला पर्यावरणालाही स्थान मिळाले. कागदावर तरी वहीची पाने वाढली.

गोव्यात एक टन खनिजासाठी साधारणपणे दोन ते तीन टन माती व दगड बाजूला काढावे लागतात. ते ढीग पावसाळ्यात वाहतात आणि लाल गाळ ओहोळांतून भातशेतांत व कुळागरांत उतरतो. त्याहून गंभीर गोष्ट पाण्याची. तेथील जांभा दगड आणि त्याखालचा भुसभुशीत खनिजथर पाणी धरून ठेवतात. खाण जलपातळीच्या खाली गेली, की पंप लावून ते पाणी रात्रंदिवस उपसावे लागते. पंपाच्या इंधनाचा खर्च वहीत येतो. डोंगरापलीकडच्या विहिरीचा तळ दिसू लागतो, तो येत नाही. ती कोरडी विहीरही खाणीने वापरलेला माल आहे, आणि त्याची किंमत दुसऱ्याच कुणीतरी चुकती केली आहे, असे आम्हांस वाटते.

पवित्र शास्त्र खाणकामाला पाप म्हणत नाही. वचनदत्त भूमीच्या दगडांत लोह आहे आणि डोंगरांतून तांबे खणता येईल, हे अनुवादाच्या आठव्या अध्यायात वरदान म्हणूनच सांगितले आहे. मात्र ‘शाश्वत खाणकाम’ हे शब्द ऐकले, की आम्ही क्षणभर थबकतो. प्रार्थनेत शाश्वत जीवनाची आशा बाळगणाऱ्या आपल्या कानांना ते विशेषण येथे चमत्कारिक वाटते. लोहखनिज पुन्हा उगवत नाही. आजीचे दागिने मोडून घरखर्च भागवावा आणि त्याला पगार म्हणावे, असाच तो व्यवहार होतो. दागिने मोडून घेतलेली जमीन नातवंडांच्या हाती पडली, तर गोष्ट वेगळी.

२१ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हाच विचार व्यवहारात आणला. गोव्यातील उत्खननावर वर्षाला दोन कोटी टनांची तात्पुरती मर्यादा घातली आणि विक्रीच्या रकमेतील दहा टक्के भावी पिढ्यांसाठीच्या कायम निधीत टाकण्यास सांगितले. दहा टक्के आम्हांस थोडे वाटतात, परंतु नातवंडांचे नाव वहीत आले.

थांबविण्याचाही हिशेब असतो, हे विसरून चालणार नाही. २०१२ साली खाणी थांबल्या, पुन्हा मार्च २०१८ मध्ये थांबल्या. तेव्हा कर्ज काढून ट्रक घेतलेल्यांच्या आणि बार्जवर राबणाऱ्यांच्या चुली संकटात आल्या. ज्यांची विहीर आटली आणि ज्यांचा ट्रक दारात उभा राहिला, ती माणसे पुष्कळदा एकाच गावची, कधी एकाच घरची. त्यांना परस्परांसमोर उभे करून शहाणपण सांगणे आम्हांस पटत नाही. दोघांनाही न विचारताच हिशेब झाला होता.

पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या ‘लौदातो सी’ ह्या परिपत्रकात कोणत्याही प्रकल्पाआधी हा कशासाठी, कोणासाठी, धोका काय आणि किंमत कोण मोजणार, हे विचारण्यास सांगितले. डिसेंबर २०२२ पासून गोव्यातील खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले. लिलावात बोली लागते ती खनिजाच्या भावावर. त्या कागदांसोबत दरवर्षी मे महिन्यात भोवतालच्या प्रत्येक विहिरीची पातळी मोजून ग्रामसभेपुढे ठेवण्याची अट असावी, आणि पाणी कोणत्या खुणेखाली गेले म्हणजे पंप बंद होणार, ते खणण्याआधीच ठरावे.