अपौरुषेय खातेवही आणि पौरुषेय यंत्र

एखाद्या व्यवस्थेतून माणसावरील विश्वास पूर्णपणे वगळता येतो का, हा प्रश्न भारतीय प्रमाणशास्त्राने, म्हणजे ज्ञान खरे कशावरून मानावे याचा विचार करणाऱ्या शास्त्राने, वेदाच्या संदर्भात शतकानुशतके चर्चिला. बिटकॉइनच्या उदयानंतर तोच प्रश्न पैशाच्या संदर्भात पुन्हा उभा राहिला आहे. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी प्रसिद्ध झालेल्या आराखड्याचा दावा असा होता की, बँकेसारख्या मध्यस्थावर विसंबून न राहता दोन अनोळखी व्यक्तींना परस्परांशी पैशाचा व्यवहार करता येईल. मात्र या व्यवस्थेची खातेवही लिहिण्याच्या कामात, ज्याला मायनिंग म्हणतात, उतरू पाहणाऱ्याला आरंभीच एक विशेष यंत्र विकत घ्यावे लागते, आणि ते कोणत्या उत्पादकाकडून घ्यावे हे ठरवताना कोणाच्या तरी शब्दावर भरवसा ठेवावाच लागतो. ही केवळ व्यापारातील अडचण नाही. माणसाचा शब्द कोणत्या अटींवर प्रमाण मानावा, हा जुना तात्त्विक प्रश्न तिच्या मुळाशी आहे.

बिटकॉइनची खातेवही ब्लॉक नावाच्या पानांच्या साखळीसारखी असून तिच्यात सरासरी दहा मिनिटांनी एक नवा ब्लॉक जोडला जातो. तो जोडण्यासाठी त्यातील माहिती, एक आकडा सतत बदलत, 'एसएचए-२५६' या गणिती प्रक्रियेतून पुनःपुन्हा काढावी लागते आणि निघणारे उत्तर, म्हणजे हॅश, ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा लहान येईपर्यंत हा प्रयत्न चालू ठेवावा लागतो. कोणत्या आकड्याने यश येईल हे आधी सांगण्याची कोणतीही रीत ज्ञात नाही, त्यामुळे उत्तर शोधण्यास अगणित प्रयत्न लागतात; परंतु सापडलेले उत्तर बरोबर आहे की नाही हे कोणत्याही साध्या संगणकावर एका गणनेत तपासता येते. प्रूफ ऑफ वर्क म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या रचनेत ब्लॉक जोडणारा सज्जन आहे की दुर्जन, याची चौकशी करावी लागत नाही, कारण त्याने केलेले काम स्वतःच त्याची साक्ष देते.

या युक्तिवादाचा साचा मीमांसकांच्या, म्हणजे मीमांसा दर्शनाच्या अनुयायांच्या, युक्तिवादाशी लक्षणीय रीतीने जुळतो. मीमांसक कुमारिल भट्टांनी श्लोकवार्तिकात मांडलेल्या स्वतःप्रामाण्याच्या सिद्धान्तानुसार ज्ञान उत्पन्न होताच प्रमाण ठरते, आणि त्याला बाध आणणारे दुसरे ज्ञान आले किंवा त्याच्या कारणात दोष आढळला तरच त्याचे प्रामाण्य जाते. शब्दातून होणाऱ्या ज्ञानात दोष शिरतो तो बोलणाऱ्याच्या अज्ञानामुळे, प्रमादामुळे किंवा फसविण्याच्या इच्छेमुळे. वेद मात्र अपौरुषेय, म्हणजे कोणाही पुरुषाने न रचलेला असल्याने तेथे दोषाला राहण्यास जागाच नाही, असे मीमांसक म्हणतात. बिटकॉइनचे नियम माणसानेच लिहिले आहेत हे खरे, तेव्हा दोहोंना एक मानणे चूक ठरेल. तरीही २०११ पर्यंत सातोशी सार्वजनिक व्यवहारातून निघून गेले आणि त्यानंतर त्या नियमांचा अधिकार कोणा व्यक्तीच्या वचनावर टिकलेला नाही. दोष व्यक्तीत असतो, म्हणून व्यक्तीच दूर करावी, हे सूत्र दोन्ही ठिकाणी समान आहे.

ही अपौरुषेय म्हणावी अशी खातेवही लिहिणारे यंत्र मात्र सर्वस्वी पौरुषेय आहे. जानेवारी २००९ मध्ये जाळे सुरू झाले तेव्हा घरातील साधा संगणक हे काम करू शकत होता. २०१० पासून ग्राफिक्स कार्डे वापरात आली, आणि जानेवारी २०१३ मध्ये चीनच्या कनान कंपनीच्या संस्थापक चमूच्या ॲव्हलॉन यंत्राबरोबर एसिक चिपांचे, म्हणजे एकच गणना करण्यासाठी घडवलेल्या चिपांचे, युग सुरू झाले. ग्राफिक्स कार्ड मायनिंगमध्ये निरुपयोगी ठरले तरी दुसऱ्या कामी येते. एसिक यंत्राला दुसरे कामच नसल्याने खरेदीदाराची संपूर्ण गुंतवणूक एका गृहीतकाशी बांधली जाते. त्यातच कार्यक्षमतेची शर्यत अतिशय वेगवान आहे. बिटमेन कंपनीच्या २०१६ च्या अँटमायनर एस९ ला एक टेराहॅश, म्हणजे एक लाख कोटी प्रयत्न, करण्यास सुमारे ९८ ज्यूल ऊर्जा लागे. २०२० च्या एस१९ प्रोला २९.५ ज्यूल आणि २०२३ मध्ये जाहीर झालेल्या एस२१ ला १७.५ ज्यूल पुरतात. सेकंदाला २०० टेराहॅश करणारे हे शेवटचे यंत्र ३,५०० वॅट वीज घेते, म्हणजे दिवसाला ८४ युनिट जाळते. तेवढेच काम एस९ यंत्रांकडून करून घ्यायचे तर साडेपाच पटींहून अधिक वीज लागेल. म्हणून जाणते खरेदीदार यंत्राची किंमत पाहण्याआधी टेराहॅशमागे ज्यूल किती आणि विजेचा दर काय, हे पाहतात. पण जाहीर केलेला वेग प्रत्यक्षात मिळेल का, यंत्र सांगितलेल्या तारखेला हाती येईल का, बिघडल्यास दुरुस्ती होईल का आणि यंत्रातील फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारी अंगभूत आज्ञावली, मालकाच्याच हिताची आहे का, या चारही बाबतींत पैसे मोजताना खरेदीदाराच्या हाती असतो तो केवळ उत्पादकाचा शब्द.

या शब्दाचे मूल्यमापन करण्याआधी विक्रेता आणि ग्राहक यांच्यातील नात्याचे वेगळेपण ओळखले पाहिजे. नांगर घडवणाऱ्याने शेजारच्या शेतकऱ्याला दुसरा नांगर विकला म्हणून पहिल्या शेतकऱ्याचे पीक घटत नाही. मायनिंगमध्ये मात्र नेमके तसे घडते. ब्लॉकमागे मिळणारी नवी नाणी नियमाने ठरलेली आहेत: आरंभी ५० असलेले हे बक्षीस दर २,१०,००० ब्लॉकांनंतर निम्मे होत एप्रिल २०२४ मध्ये ३.१२५ वर आले आहे. शिवाय दर २,०१६ ब्लॉकांनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, जाळ्यातील एकूण गणनाशक्तीनुसार काठिण्यपातळी बदलते, त्यामुळे यंत्रे वाढली तरी नाणी अधिक वेगाने निघत नाहीत. प्रत्येकाचा वाटा तेवढा लहान होतो. उत्पादकाने विकलेले प्रत्येक नवे यंत्र त्याच्याच आधीच्या ग्राहकाचे उत्पन्न कमी करते, आणि उत्पादक स्वतः ती यंत्रे चालवू लागला तर तो ग्राहकाचा थेट प्रतिस्पर्धी होतो. यंत्र एवढे फायद्याचे असेल तर ते विकता कशाला, हा प्रश्न म्हणूनच रास्त आहे. त्याचे प्रामाणिक उत्तरही आहे: उत्पादक आजचा निश्चित पैसा घेतो आणि नाण्याच्या भावाची व विजेच्या दराची जोखीम ग्राहकाकडे सोपवतो. यात फसवणूक असेलच असे नाही. परंतु दोघांचे हित एक नाही, एवढे त्यातून निश्चित होते.

शब्दाचे प्रामाण्य कशावर ठरते याचे उत्तर नैयायिकांनी, म्हणजे न्याय दर्शनाच्या अनुयायांनी, मीमांसकांपेक्षा वेगळे दिले. त्यांच्या मते व्यक्ती वगळून शब्द प्रमाण होत नाही. तो प्रमाण होतो तो बोलणारा आप्त, म्हणजे विश्वासास पात्र, असल्यामुळे. न्यायभाष्यात वात्स्यायनांनी आप्ताची तीन लक्षणे सांगितली आहेत: विषयाचे साक्षात ज्ञान, वस्तू जशी आहे तशी सांगण्याची इच्छा आणि प्राणिमात्रांविषयी दया. आप्त ऋषी असेल, आर्य असेल किंवा म्लेंच्छही असेल, लक्षण सर्वांना सारखेच लागू होते, असेही ते स्पष्ट करतात. उत्पादक कोणत्या देशाचा आहे यावरून त्याची पात्रता ठरवू पाहणाऱ्यांना यातच उत्तर मिळते, कारण मायनिंगच्या इतिहासात अमेरिकी, युरोपीय आणि चिनी कंपन्यांपैकी कोणालाही केवळ जन्मभूमीमुळे विश्वासार्हता लाभलेली दिसत नाही.

ही लक्षणे त्या इतिहासाला लावून पाहता पहिले लक्षण उत्पादकात बहुधा आढळते, कारण आपल्या चिपविषयी त्याच्याइतके साक्षात ज्ञान दुसऱ्या कोणाला नसते. अडचण दुसऱ्या लक्षणापासून सुरू होते. अमेरिकेतील कॅन्सस राज्याशी निगडित बटरफ्लाय लॅब्ज या कंपनीने २०१२ पासून यंत्रांसाठी आगाऊ रकमा घेतल्या. फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने सप्टेंबर २०१४ मध्ये तिच्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली, तेव्हा यंत्रे दिलीच नाहीत किंवा कालबाह्य होईपर्यंत लांबवली, असा कमिशनचा आरोप होता, आणि २०१६ मध्ये हे प्रकरण तडजोडीने मिटले. वेगाच्या या शर्यतीत उशिरा मिळालेले यंत्र जवळजवळ न मिळाल्यासारखेच असल्याने तारीख खरी सांगणे हा येथे सत्यकथनाचाच भाग ठरतो. तिसऱ्या लक्षणाची कसोटी आणखी कठीण आहे. स्वीडनच्या केएनसीमायनर कंपनीने २०१४ मध्ये सामान्य ग्राहकांना विक्री थांबवून स्वतःच्या केंद्रांतील मायनिंगवर भर दिला आणि बक्षीस निम्मे होण्याच्या तोंडावर, मे २०१६ मध्ये, दिवाळखोरी जाहीर केली. विक्रेत्याकडून संतांची भूतदया अपेक्षिणे अवास्तव आहे. पण ग्राहकाच्या अज्ञानातून स्वतःचा लाभ उभा न करणे, एवढे तिचे किमान रूप व्यापारातही मागता येते, आणि ते मागणे अवाजवी नाही.

येथे मीमांसकांच्या बाजूने एक समर्थ आक्षेप घेता येईल. उत्पादक खोटा निघाला तर नुकसान खरेदीदाराचे होईल, खातेवहीला मात्र धक्का लागणार नाही, कारण हॅश कोणाच्याही यंत्रातून निघाला तरी त्याची तपासणी तीच राहते. म्हणजे विश्वासाचा प्रश्न बाजाराचा आहे, व्यवस्थेचा नाही. हा आक्षेप हॅशपुरता खरा आहे, परंतु खातेवहीचे स्थैर्य केवळ हॅशच्या अचूकतेवर नव्हे, तर गणनाशक्ती एका हाती नसण्यावरही अवलंबून आहे. बिटमेनने २०१८ मध्ये हाँगकाँगच्या शेअर बाजारात नोंदणीसाठी सादर केलेल्या कागदपत्रांनुसार २०१७ मध्ये अशा यंत्रांच्या जागतिक बाजारात, विक्रीच्या रकमेच्या हिशेबाने, सुमारे तीन-चतुर्थांश वाटा तिचा होता, आणि ती स्वतः मायनिंगही करीत होती. एप्रिल २०१७ मध्ये तिच्या फर्मवेअरमध्ये असा भाग आढळला, ज्यायोगे यंत्र अधूनमधून कंपनीच्या सर्व्हरशी संपर्क साधी आणि तेथून नकार आल्यास मायनिंग थांबू शकत होते. चोरीला गेलेल्या यंत्रांवर मालकाला ताबा राहावा म्हणून आखलेली ही अपूर्ण सोय होती, असे कंपनीने सांगितले, क्षमा मागितली आणि दुरुस्त फर्मवेअर दिले. तिचा हेतू खरा मानला तरी तात्त्विक निष्कर्ष बदलत नाही: ज्या जाळ्यातील बहुसंख्य यंत्रे एका ठिकाणाहून थांबवता येतात, त्याला व्यक्तिनिरपेक्ष म्हणता येत नाही. दाराबाहेर काढलेली व्यक्ती यंत्रातून पुन्हा आत आलेली असते.

म्हणूनच उत्पादकांमधील स्पर्धेला स्वस्ताईपलीकडचे मूल्य आहे. बिटमेनसाठी चिपरचनेचे काम केलेल्या यांग झुओशिंग यांनी २०१६ मध्ये मायक्रोबीटी ही कंपनी स्थापन केली आणि तिच्या व्हॉट्समायनर यंत्रांनी अँटमायनरला तुल्यबळ पर्याय उभा केला. त्यानंतर एकाचा दावा दुसऱ्याच्या यंत्राशेजारी ठेवून तोलणे ग्राहकाला शक्य झाले. स्पर्धा कोणालाही आप्त बनवत नाही, पण आप्त नसलेल्याला असत्य महाग पडेल अशी स्थिती ती निर्माण करते. तिच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत: प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या चिपा तैवानची टीएसएमसी आणि दक्षिण कोरियाची सॅमसंग अशा मोजक्याच कारखान्यांत तयार होतात, आणि स्वतःच मायनिंग करण्याचा मोह सर्वांनाच सारखा असतो. त्यामुळे केवळ नावांची संख्या वाढून भागत नाही. फर्मवेअर तपासणीसाठी खुले असणे आणि उत्पादकाने स्वतःचे मायनिंग जाहीर करणे, ही स्पर्धेइतकीच आवश्यक अट आहे.

शेवटी निर्णय खरेदीदाराला घ्यायचा असतो, आणि तेथे नैयायिकांचा परतःप्रामाण्याचा विचार मार्गदर्शक ठरतो. त्यांच्या मते ज्ञानाचे प्रामाण्य त्या ज्ञानातूनच कळत नाही, तर प्रवृत्तिसामर्थ्यातून, म्हणजे त्यानुसार केलेली कृती फळास आल्याने, कळते. दिसलेले पाणी खरे होते हे तहान भागल्यावर सिद्ध होते. परंतु मायनिंगमध्ये हे फळ उशिरा येते, आणि येईपर्यंत काठिण्यपातळी, नाण्याचा भाव व बक्षीस बदललेले असते, त्यामुळे यंत्र चांगले असूनही कृती निष्फळ होऊ शकते. भारतातील खरेदीदाराला आणखी एक गोष्ट हिशेबात धरावी लागते: २०२२ पासून आभासी मालमत्तेच्या विक्रीतील लाभावर ३० टक्के कर लागू झाला आहे आणि मायनिंगच्या यंत्रसामग्रीचा खर्च त्या नाण्याची खरेदी-किंमत म्हणून वजा करता येणार नाही, असे सरकारने संसदेत स्पष्ट केले आहे. अशा स्थितीत निश्चयाची वाट पाहणारा कधीच कृती करणार नाही आणि संशय सोडून देणारा फसेल. पहिल्या प्रवृत्तीसाठी निश्चय अनिवार्य नाही, संशयातूनही कृती घडते, असे नैयायिक मानतात. आणि अनुमानाच्या चर्चेत नैयायिक उदयनाचार्य दाखवतात की, जी शंका माणसाच्या स्वतःच्या व्यवहाराशीच विसंगत ठरते तिथे शंकेची मर्यादा येते. विवेकी खरेदीदार या दोहोंमधून वाट काढतो: भविष्यातील तारखेच्या वचनापेक्षा तयार यंत्राला पसंती देतो, आधी थोडी यंत्रे घेऊन वेग आणि वीज स्वतःच्या मीटरवर मोजतो, आणि नाण्याचा भाव वाढेलच असे न धरता हिशेब मांडतो.

मीमांसकांनी व्यक्ती वगळून निर्दोषता शोधली, नैयायिकांनी व्यक्तीची पात्रता तपासून ती शोधली. गणिताच्या कक्षेत पहिला मार्ग विलक्षण यशस्वी झाला आहे आणि बिटकॉइन हे त्याचे मोठे उदाहरण आहे. परंतु गणित चालवण्यास साधन लागते, साधन कोणीतरी घडवतो, आणि घडवणाऱ्याशी संबंध येताच दुसरा मार्ग अटळ होतो. त्यामुळे विश्वास नाहीसा केल्याचा दावा करणारी व्यवस्था अधिक धोक्याची असते, कारण विश्वास कोठे ठेवला आहे हेच तिला दिसत नाही आणि म्हणून ती तो तपासतही नाही. विश्वासाची जागा उघडपणे दाखवणे, त्याच्या अटी सांगणे आणि त्या मोडणाऱ्याला उत्तरदायी धरणे, हीच प्रामाणिक भूमिका होय. आणि यंत्र विकणारा व घेणारा या दोघांनी ती स्वीकारली, तरच विश्वासाची गरज कमी करणाऱ्या तंत्राला विश्वासयोग्य पाया मिळेल.