उघडे पडलेले पान



गोव्याला सहलीला जाऊन आलेल्या आपल्या काही तरुणांनी आम्हांला एक प्रश्न विचारला आहे. पणजीला मांडवी नदीत कॅसिनोच्या बोटी उभ्या असतात. तेथे ब्लॅकजॅक नावाचा पत्त्यांचा खेळ चालतो. पत्ते वाटणारा डीलर कधी कधी निष्काळजी असतो, त्याचे झाकलेले पान समोरच्याला दिसून जाते, आणि असे डीलर हेरून पैसे मिळवणारे लोक जगात आहेत, असे त्यांच्या कानावर आले. त्यांचा प्रश्न असा, की हे पाप आहे का? पान त्याने दाखवले, आपण फक्त पाहिले. यात चोरी कोठे आली?

धर्मग्रामाच्या पत्रकात जुगाराची चर्चा कशाला, असे वडीलधाऱ्यांना वाटेल. म्हणून जुगाराविषयी आधी थोडक्यात सांगून टाकतो. ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ पत्त्यांच्या खेळाला किंवा पैजेला मुळातच अन्याय म्हणत नाही. जेव्हा त्यात घराच्या गरजेचा पैसा जातो तेव्हा ते नीतीला सोडून होते, व्यसन माणसाला गुलाम करते, आणि खेळातली लबाडी ही गंभीर बाब आहे, असे तो शिकवतो. गोव्यात १९७६ च्या जुगारविषयक कायद्यात १९९२ साली बदल करून पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांवरच्या खेळांना, आणि १९९६ साली पाण्यावरील जहाजांत टेबलावरच्या खेळांना वाट करून देण्यात आली. आपल्या महाराष्ट्रातही १९७६ साली कॅसिनोचा कायदा झाला होता. तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ साली तो रद्दच झाला. आमचे स्वतःचे मत विचाराल तर त्या बोटीवर न गेलेलेच बरे. पण 'जाऊ नका' एवढे सांगून तरुणांच्या प्रश्नाचे उत्तर होत नाही. प्रश्न जुगाराचा कमी आणि दुसऱ्याच्या चुकीवर कमावण्याचा जास्त आहे.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. प्रत्येकाला दोन पाने मिळतात. बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, पण ओलांडायची नाही. राजा, राणी, गुलाम यांचे प्रत्येकी दहा, एक्क्याचा एक किंवा अकरा. डीलर स्वतःचे एक पान उघडे ठेवतो आणि काही ठिकाणच्या पद्धतीप्रमाणे दुसरे पालथे ठेवतो. आणखी पान घ्यायचे की थांबायचे, हे खेळणाऱ्याने त्या एका उघड्या पानावरून ठरवायचे. नियमच असे बेतलेले असतात, की पुस्तकी हिशेबाने बिनचूक खेळणाऱ्याकडूनही शंभर रुपयांमागे थोडेफार पैसे शेवटी कॅसिनोकडे जातात. पण ते पालथे पान कळले, तर पारडे एकदम उलटे झुकते. काही डीलर पान सरकवताना ते जरा जास्त उचलतात. टेबलाच्या ठरावीक खुर्चीवर थोडे खाली बसलेल्याला त्याचा कोपरा दिसतो. परदेशांत काहींनी याचा धंदाच केला आहे. ते एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे फिरत असा हात शोधतात आणि सापडला की तेथे ठाण मांडतात.

कायद्याने यावर काय म्हटले? अमेरिकेतील नेवाडा राज्यात, म्हणजे लास व्हेगास ज्या राज्यात आहे तेथे, १९८३ साली असे एक प्रकरण वरिष्ठ न्यायालयापर्यंत गेले. खेळणारा आपल्या हक्काच्या जागेवर बसला होता, त्याच्याकडे कोणतेही यंत्र नव्हते, डीलरशी त्याचे संगनमत नव्हते. जे दिसले ते त्याने पाहिले. ही फसवणूक नव्हे, असा निर्णय झाला.

दुसरे प्रकरण इंग्लंडचे. फिल आयव्ही हा नामांकित जुगारी २०१२ च्या ऑगस्ट महिन्यात लंडनच्या क्रॉकफर्ड्स क्लबात पुंटो बँको नावाचा खेळ खेळला आणि सुमारे ७७ लाख पौंड जिंकला. त्या पत्त्यांच्या पाठीवरच्या नक्षीत, कडेला, अगदी बारीकसा फरक होता. आपण शकुन-अपशकुन मानतो असे भासवून त्याने आणि त्याच्या जोडीदारणीने डीलरला काही पाने उलट दिशेने फिरवून ठेवायला सांगितले. डीलर बिचारी सांगितले तसे करत गेली. पुढे मोठ्या किमतीची पाने पाठीवरूनच ओळखू येऊ लागली. क्लबाने जिंकलेली रक्कम दिली नाही, आयव्ही न्यायालयात गेला, आणि २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले, की ही लबाडीच आहे. आपण लबाडी करत नाही असे आयव्हीला मनापासून वाटत होते, हे न्यायालयाने नाकारले नाही. पण एखादे कृत्य प्रामाणिक आहे की नाही, हे करणाऱ्याला काय वाटते यावर नव्हे, तर साध्या सभ्य माणसांच्या मापाने ठरते, असे त्यांनी म्हटले. पापनिवेदनाला येणारा माणूस जेव्हा म्हणतो, “फादर, माझी सदसद्विवेकबुद्धी मला टोचत नाही,” तेव्हा आम्हांला त्या निकालाची आठवण होते. न टोचणारी बुद्धी निरोगीच असते असे नाही. ती बधिरही झालेली असू शकते.

तेव्हा पहिला भेद स्पष्ट आहे. दुसऱ्याकडून चूक करवून घेणे ही फसवणूक आहे. डीलरला बोलण्यात गुंतवणे, त्याला पाजलेल्या गोड शब्दांनी सैल करणे, खोटे कारण सांगून पाने फिरवायला लावणे, हे सारे सातव्या आज्ञेच्या आणि आठव्याही आज्ञेच्या विरुद्ध आहे. पण आपण काहीच केले नाही, चूक आपोआप झाली, तर?

हा प्रश्न फार जुना आहे. प्रभू येशूच्या जन्मापूर्वी होऊन गेलेल्या सिसेरो या रोमन विचारवंताने तो असा मांडला होता: ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचे जहाज घेऊन येतो. मागून आणखी जहाजे येत आहेत हे त्याला ठाऊक आहे, गावाला ठाऊक नाही. त्याने ते सांगावे, की गप्प राहून चढ्या भावाने माल विकावा? आपल्याकडे हे समजायला ऱ्होड्सला जायला नको. ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याची निर्यात बंद झाली आणि दर कोसळले. ४ मे २०२४ रोजी अटींसह ती पुन्हा खुली झाली. समजा, ती खुली झाल्याची बातमी एखाद्या खरेदीदाराला पहाटेच फोनवर कळली, आणि ट्रॅक्टर घेऊन आलेल्या शेतकऱ्याला ती कळलेली नाही. खरेदीदार खोटे बोलत नाही. तो फक्त कालचा भाव बोलतो.

संत थॉमस अक्वायनस यांनी बाराशेच्या शतकात धान्याच्या व्यापाऱ्याच्या प्रश्नाला जे उत्तर दिले ते आम्हांला सेमिनरीत पहिल्यांदा वाचताना जरा सौम्य वाटले होते. ते म्हणतात, पुढे भाव काय होईल हे सांगण्याचे न्यायाचे ऋण त्या व्यापाऱ्यावर नाही, पण त्याने सांगितले किंवा भाव उतरवला तर ते अधिक सद्गुणाचे होईल. विकलेल्या वस्तूत मात्र छुपा दोष असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल, तर तो सांगितलाच पाहिजे. म्हणजे न्याय एवढेच मागतो, की दुसऱ्याचे जे आहे ते हिरावू नये. प्रीती त्याच्या पुढे जाते. या दोहोंची गल्लत केली की आपण एक तर सगळ्याच गोष्टींना चोरी म्हणतो, नाही तर चोरी नाही म्हणून सगळेच योग्य ठरवतो.

ब्लॅकजॅकला हे लावून पाहू. पत्त्यांचा खेळ हा लपवण्याचा आणि ओळखण्याचाच खेळ आहे. दोन्ही बाजूंनी तो मान्य केलेला असतो. पान झाकणे हे डीलरचे काम, त्याबद्दल त्याला पगार आहे, प्रशिक्षण आहे. पाहणाऱ्याने कोणताही शब्द मोडलेला नाही. म्हणून जे सहज नजरेस पडले त्यावर खेळणे ही चोरी नव्हे, आणि तसे जिंकलेले पैसे परत करण्याचे बंधन न्यायाने येत नाही, असेच आम्हांला म्हणावे लागते. नेवाडाच्या न्यायालयाशी येथवर आमचा वाद नाही.

पण चर्चा येथे थांबवणे बरोबर नाही. त्या टेबलाच्या पलीकडे कोण उभे आहे ते पाहा. कॅसिनोचा मालक तेथे नसतो. असतो एखादा पंचवीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी, घरापासून दूर नोकरीला आलेली, रात्रपाळीत तासन्‌तास उभी. डोक्यावर कॅमेरा. कोणत्या टेबलावर किती पैसे गेले, याचा हिशेब रोज होतो. आणि एका टेबलावर सतत तोटा दिसू लागला की बोट कोणाकडे जाणार? निष्काळजीपणाच नव्हे, तर संगनमताचाही संशय त्याच्यावर येऊ शकतो. आपण म्हणतो, “कॅसिनो लोकांना लुटतो, आम्ही कॅसिनोला लुटले तर बिघडले काय? चोरावर मोर!” पण नोकरी कॅसिनोची जात नाही. ती त्या मुलाची जाते.

त्याहून आम्हांला जास्त काळजी वाटते ती खेळणाऱ्याच्या अंतःकरणाची. एकदा नजर गेली, ही एक गोष्ट. पण जो असा डीलर शोधत फिरतो, त्याला काय हवे असते? समोरचा माणूस दमलेला असावा, नवखा असावा, त्याला कोणी सुधारू नये, त्याच्या वरिष्ठाने इकडे पाहू नये. दुसऱ्याचे उणे हेच ज्याचे पीक आहे, तो ते उणे टिकून राहावे अशीच इच्छा करणार. लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवण्यास मनाई आहे. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात तर आणखी पुढचे सांगितले आहे: भावाचे भटकलेले गुरू दिसले तर पाहून न पाहिल्यासारखे करू नये. अडथळा आपण ठेवला नाही हे खरे, पण पाहिले तर होतेच ना.

येथे कोणी मत्तयच्या तेराव्या अध्यायातील ठेवीचा दाखला पुढे करील. त्या माणसाला शेतात ठेव सापडली, ती त्याने पुन्हा लपवली आणि मालकाला न सांगता शेत विकत घेतले! हा आक्षेप चांगला आहे. पण त्या दाखल्याचा रोख जमिनीच्या व्यवहारावर नाही. स्वर्गाच्या राज्यासाठी माणूस आनंदाने सर्वस्व विकतो, हे प्रभूला दाखवायचे आहे.

आपल्यापैकी बहुतेकांना कॅसिनोचे टेबल आयुष्यात दिसणार नाही. मग हे सगळे कशाला, असे विचाराल, तर त्या टेबलावरचा नियम आता बाजारात आला आहे म्हणून. 'त्याने पाहायला नको होते का?' हे वाक्य आपण रोज ऐकतो. पैठणीचेच घ्या. हातमागावरच्या खऱ्या पैठणीचा काठ उलटून पाहिला तर मागूनही नक्षी तशीच स्वच्छ दिसते. बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला हे ठाऊक नसते. यंत्रावरचे लुगडे समोर ठेवले, हातमागाचा भाव सांगितला, आणि 'हातमागाचे' हा शब्द मात्र उच्चारला नाही, तर दुकानदार म्हणेल, आम्ही कोठे खोटे बोललो? पण दुकान म्हणजे पत्त्यांचा डाव नव्हे. तेथे लपवणे दोघांनी मान्य केलेले नाही. गिऱ्हाईक विश्वासाने बसले आहे. येथे गप्प राहणे हा सरळ अन्याय आहे, आणि संत थॉमस यांच्या मापाने पैसे परत करण्याचे बंधन येते. म्हाताऱ्या किराणा दुकानदाराने नजर कमी झाल्यामुळे शंभराऐवजी पाचशेची नोट परत दिली, तर तेही तसेच. ती नोट कधीच आपली झालेली नाही. कांद्याच्या खरेदीदाराचे काय? न्यायाचे ऋण त्याच्यावर नसेलही, पण वर्षभराचे कर्ज त्या एका ट्रॉलीवर फेडू पाहणाऱ्या माणसाशी तो पत्त्यांचा डाव खेळतो आहे, एवढे त्याने स्वतःशी कबूल करावे.

तरुणांनी आणखी एक विचारले होते: पान दिसले तर डीलरला सांगायलाच हवे का? न्यायाने नाही. पण घरी दिवाळीत रमीचा डाव मांडतो तेव्हा शेजारच्या लहानग्याची पाने दिसू लागली तर आपण काय करतो? “अरे, पाने नीट धर,” असे सहज म्हणतो, आणि मग खेळतो. तिथे बसलेल्या अनोळखी मुलाला हळूच तेवढे सांगता येते. टेबलावरचे इतर रागावतील, आपलाही डाव बुडेल. ते जमण्यासारखे नसेल तर त्या टेबलावरून उठता येते.

आणि कोणी आधीच असे पैसे जिंकले असतील तर? डीलरला फसवून, गुंतवून किंवा त्याच्याशी हातमिळवणी करून जिंकले असतील तर ते परत केले पाहिजेत, कॅसिनो कितीही श्रीमंत असला तरी. नुसते पाहून जिंकले असतील तर परत करण्याची सक्ती आम्ही करणार नाही. मात्र त्या रात्रीनंतर त्या डीलरला कामावरून काढले, असे जर त्याच्या कानावर आले असेल, तर त्याने येऊन आमच्याशी बोलावे. त्या मुलाचे किंवा मुलीचे आपण काही लागतो का, याचा विचार आपल्याला एकत्र बसून करावा लागेल.