न भागणारी तहान

मराठीतला ‘तहान’ हा शब्द संस्कृत ‘तृष्णा’पासून, प्राकृतातल्या ‘तण्हा’वरून आला. पालीतही ‘तण्हा’च आहे, आणि बुद्धाच्या दुसऱ्या आर्यसत्यात दुःखाचे कारण म्हणून तोच शब्द येतो. घशाची कोरड आणि मनाची हाव यांना एकच नाव असल्याने प्रश्न उभा राहतो: तहान जिंकायची, की तिचे ऐकायचे?

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सातवा अध्याय या प्रश्नाला सरळ भिडतो. अडवू नयेत असे 13 वेग तेथे सांगितले आहेत. शिंक, जांभई, झोप यांच्याच रांगेत भूक आणि तहान बसतात. तहान मारली तर घसा सुकतो, थकवा येतो, ऐकू कमी येते, हृदयात वेदना होते. याच अध्यायात पुढे लोभ, क्रोध, ईर्ष्या, परधनाची अभिलाषा हे वेग मात्र आवरावेत, असे म्हटले आहे. देहाच्या मागणीला नीतीचा दोष न चिकटवणारा हा विवेक फार मोलाचा आहे.

पाणी पिऊनही न भागणारी तहान या दोन्हींहून वेगळी. चरकाने तिला रोग मानून चिकित्सास्थानात स्वतंत्र अध्याय दिला, पाच प्रकार केले, सुश्रुताने सात. आज अशी तहान लागली की आधी मधुमेहाची शंका घेतात. रक्तातली साखर दर डेसिलिटरला सुमारे 180 मिलिग्रॅमच्या पुढे गेली की मूत्रपिंडांना ती सगळी परत शोषून घेता येत नाही. ती लघवीत उतरते आणि सोबत पाणी ओढून नेते. रक्तातले पाणी घटल्याचे मेंदूतल्या हायपोथॅलॅमसच्या परिसरातील पेशींना जाणवते आणि माणूस रात्री उठून पुन्हा पुन्हा तांब्या तोंडाला लावतो. ही तहान खोटी नसते, शरीर खरेच कोरडे पडलेले असते. अशा माणसाला ‘मन आवर’ म्हणणे अन्यायाचे. नुसते पाणी देत राहणेही अपुरे, कारण बिघाड तहानेच्या मागे आहे.

बुद्धाने तण्हेकडे असेच पाहिले. प्रतीत्यसमुत्पादाच्या, म्हणजे कारणातून कार्य उपजण्याच्या, साखळीत ती वेदनेतून (सुखदुःखाच्या संवेदनेतून) उपजते, तिच्यातून उपादान (घट्ट धरून ठेवणे), आणि साखळीच्या आरंभी अविद्या. म्हणजे तण्हा दुःखाचे कारण असली तरी स्वतः अविद्येचे लक्षणही आहे. देह सुकवून ती जाईल, ही समजूत बुद्धाने उग्र तप सोडताना टाकून दिली. योगसूत्रांवरचे व्यासभाष्यही मोक्षशास्त्राची मांडणी वैद्यकासारखीच करते: रोग, रोगाचे कारण, आरोग्य, औषध.

तरीही तहान सोसणे हे अनेक धर्मांत तप आहे. जैनांच्या 22 परीषहांत, म्हणजे साधूने सोसायच्या कष्टांत, क्षुधेनंतर लगेच पिपासा येते. ज्येष्ठातली निर्जला एकादशी आणि रमजानचे रोजे सर्वांच्या परिचयाचे. निरोगी देहाने ठरावीक वेळ तहान सोसणे हा संयम खरा. पण ज्याची तहान आजाराची खूण आहे, त्याने ती व्रतासाठी दडपली तर संयम घडत नाही, फक्त खूण पुसली जाते. कुराणाने आजारी माणसाला रोजे पुढे अन्य दिवशी पुरे करण्याची मुभा दिली आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात विदुराने व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत. त्यांत पहिले पाणी आहे आणि शेवटचे औषध.